शशिकला आणि उसनी मुलं

पडदा उघडण्याआधी विंगेत उभं राहून थरथरणारी माणसं मी खूप पाहिली. कोणाचे ओठ कोरडे पडतात, कोणाला पहिलंच वाक्य आठवत नाही, कोणी रंगवलेल्या तोंडानं भिंतीकडे वळून देवाला हाका मारतो. आमच्या कंपनीत एक खलनायक होता. प्रेक्षकांतली पोरं त्याला पाहून रडायची आणि तो स्वतः विंगेत माझा हात घट्ट धरून उभा असायचा. पण शशिकलेइतकं घाबरणारं माणूस मला रंगभूमीवर भेटलं नाही. आणि घाबरत घाबरत तिनं जे केलं, तेही मी तिथं कधी पाहिलं नाही.

माझी कामं सुटली, गुडघे गेले, तेव्हा मी नवीन पनवेलला सिडकोच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. वरच्या मजल्यावर महादेव गुरुजी राहायचे. सुकापूरच्या पुढे एका लहान गावात ते शाळेवर होते. एकच वर्ग, एकच शिक्षक, पहिली ते चौथी सगळी तिथंच. बायको वारलेली. घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. ही मुलगी म्हणजे शशिकला.

ती घाबरली की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. बोट पांढरं पडेपर्यंत गुंडाळायची. दूधवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बोलायचं असलं तरी बोट पांढरं. एस.टी.च्या कंडक्टरला "वाशी एक" म्हणायलाही तिला दोनदा घसा साफ करावा लागे. अशी ही मुलगी वाशीच्या एका कॉलेजात जायची. तिथं तेव्हा नवीनच एक बी.ए. निघालं होतं, शिक्षण आणि सार्वजनिक धोरण या विषयाचं. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. आमच्या इमारतीत त्या विषयाचं नाव धड कोणाला घेता येत नव्हतं.

"म्हणजे शेवटी होणार काय तू? मास्तरीण की मंत्रीण?" समोरच्या गुलशनभाभी तिला जिन्यात अडवून विचारायच्या.

"शाळा कुठं काढायची, कुठली बंद करायची, हे सरकार कसं ठरवतं ते शिकतो आम्ही, भाभी."

"मग नळाला पाणी कधी सोडायचं तेही त्या सरकारला विचार की बाई! चार वाजता उठून कंबर गेली माझी."

शशी हसायची आणि बोटाची ओढणी सोडवत वर पळायची.

तिसऱ्या वर्षाला तिच्या प्राध्यापकांनी एक काम दिलं. प्रत्येकानं एका सरकारी शाळेत तपासणीच्या दिवशी जाऊन बसायचं, डोळ्यांनी दिसेल ते लिहायचं आणि नंतर ते कॉलेजात सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं. मुलांनी आपापल्या ओळखीच्या शाळा घेतल्या. शशीनं वडिलांची घेतली. दुसऱ्या कुठल्या शाळेत जाऊन परवानगी मागायचं धाडस तिच्यात नव्हतं, हेच खरं कारण.

माझ्याकडे ती आली ती वाचण्याच्या भीतीनं. "मावशी, माझा आवाज कापतो हो. तो थांबवायला शिकवा ना."

मी म्हटलं, "कापणारा आवाज थांबत नाही, पोरी. माझा शेवटच्या प्रयोगापर्यंत कापत होता. वाक्य लहान घ्यायचं आणि संपवायचं. अर्ध्यात सोडलेलं वाक्य लोकांना ऐकू येतं, आवाजातला कंप येत नाही."

त्याच आठवड्यात गुरुजी खाली आले. संकोची माणूस, दारातच उभे राहिले. "ताई, तपासणीला मुलांकडून स्वागतगीत म्हणून घ्यायचंय. तुमचा हात लागला तर शोभा येईल." मला कोण आनंद झाला! कितीतरी दिवसांनी कोणी मला तालीम घ्यायला बोलावत होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी मी, शशी आणि गुरुजी रिक्षानं निघालो.

रस्त्याला खडीच्या ट्रकांची रांग. धुळीनं झाडं पांढरी झालेली. गुरुजी बाहेर बोट दाखवून म्हणाले, "आमची शाळा बंद झाली तर ही पोरं या रस्त्यानं सुकापूरला चालत जाणार. पहिलीतली पोरं. या ट्रकांच्या कडेनं." तेव्हा मला वाटलं, म्हातारा उगाच काळजी करतोय. शाळा का बंद होईल?

शाळेच्या मागं विहीर होती. तिथं एक बाई पाच-सहा मुलांना ओळीनं उभं करून अंघोळ घालत होती. साबणाचा फेस, थंडीनं कुडकुडणारी काळीसावळी पोरं. नदीकाठच्या वीटभट्टीवर काम करणाऱ्या कातकऱ्यांची होती ती. कठड्यावर धुतलेले गणवेश घडी करून ठेवले होते. गुरुजी एकेकाच्या अंगाला गणवेश लावून बघायचे आणि नाव सांगायचे. एका मुलीला त्यांनी निळा झगा घातला. कॉलरला भरतकाम होतं, झगा चांगल्या घरातला दिसत होता.

"उद्या तुझं नाव काय?"

"चारुता."

"पूर्ण नाव सांग."

मुलीनं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव सरपंच आनंदा पाटलांचं होतं.

शशीनं वडिलांकडे पाहिलं. "बाबा, ही चारुता नाही. चारुता इंग्लिश शाळेत जाते. आपल्या बिल्डिंगवरूनच तिची बस जाते."

"जाते ना. पण नाव अजून इथं आहे."

मग सगळं बाहेर आलं. गावाच्या जमिनी सिडकोनं घेतल्या, पैसे आले, बऱ्याच घरांनी आपली मुलं नवीन पनवेलच्या इंग्रजी शाळेत घातली. नावं मात्र पटावर तशीच ठेवली, कारण पट कमी झाला की शाळा जाते. शाळा गावाची शोभा, निवडणुकीचं मतदान तिथं, सरपंचांचं ध्वजवंदन तिथं. म्हणून दरवर्षी तपासणीच्या दिवशी गेलेल्या मुलांच्या जागी भट्टीवरची मुलं बसवायची. दुसऱ्या दिवशी गणवेश परत.

"किती वर्षं, बाबा?"

"चोर म्हण मला, शशी. पण हळू म्हण. पोरं ऐकतायत." मग म्हणाले, "उसनी आणतो आणि परत करतो. कोणाचं काय बुडतं?"

"यांचं बुडतं," ती म्हणाली. इतक्या हळू की मलाच कसंबसं ऐकू आलं.

मी स्वागतगीत बसवलं. खोटं कशाला बोलू, भट्टीवरची पोरंच सुरात जास्त होती. निळ्या झग्यातल्या मुलीचं खरं नाव भामा. तिला एकदा ऐकलं की चाल पाठ व्हायची. मी विचारलं, "शाळेत यायला आवडेल का गं?" ती म्हणाली, "येतंय की मी. तपासणीला."

घरी आल्यावर शशी माझ्या खाटेच्या कडेला बसली आणि सगळी भीती एकदम बाहेर आली. "मावशी, मी हे लिहिलं तर बाबांची नोकरी जाईल. निवृत्तीला एकच वर्ष उरलंय. पेन्शन जाईल. शाळा बंद होईल. ती लहान पोरं ट्रकांच्या रस्त्यानं जातील आणि एखाद्याला काही झालं तर ते माझ्यामुळं. आणि नाही लिहिलं तर मी तीन वर्षं शिकले काय? आम्हाला तर तेच शिकवतात, की पटावरचा आकडा पाहून सरकार शाळा ठरवतं. आकडाच खोटा असेल तर..."

वाक्य तिनं अर्ध्यात सोडलं. मी चहा टाकला. भूमिका कशी करायची ते मी सांगू शकते. कुठली घ्यायची, हे कोणाला सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

तपासणीचा दिवस. दाराला आंब्याचे टाळे, अंगणात सडा. सरपंच आनंदा पाटील पांढऱ्या टोपीत पुढं, त्यांच्या मागं गावातली चार माणसं. विस्तार अधिकारी झकेरिया साहेब आले. उरणकडचे, बारीक चणीचे, डोळ्यांवर जाड चष्मा. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. असे प्रेक्षक मला सगळ्यांत भीतीदायक वाटतात. ते हसतही नाहीत आणि उठूनही जात नाहीत.

शशी कोपऱ्यात सतरंजीवर बसली होती. बोट पांढरं पडून जांभळं होत आलं होतं.

हजेरी झाली. गुरुजींचा आवाज बसलेला, तरी एकेक नाव पुढं जात होतं. "चारुता पाटील" झालं, भामा ताठ उभी राहून "हजर" म्हणाली. सरपंच मिशीवरून हात फिरवत होते. एक मुलगा नाव विसरला, शेजाऱ्यानं कोपरानं ढोसलं, त्यानं "हजर" म्हटलं. साहेबांनी चष्मा पुसला. पाढे झाले, वाचन झालं. वाचायला साहेबांनी नेमकी खरी मुलं उठवली. नशीबच म्हणायचं. स्वागतगीत छान झालं. गुरुजींनी सुस्कारा टाकला, तो मला ऐकू आला. शशीनं ओढणी सोडवली. मलाही वाटलं, प्रयोग निभावला.

मग आनंदा पाटलांनी टोपली उघडली. बुंदीचे लाडू. दरवर्षी ते साहेबांची जीप गेल्यावर वाटायचे, यंदा पाटलांना धीर निघाला नाही. प्रत्येक पोराला कागदावर एक.

तालमीत लाडू नव्हते.

भामानं लाडू घेतला, उठली आणि सरळ दाराबाहेर गेली. पडवीच्या पायरीखाली, चपला काढलेल्या होत्या तिथं बसली आणि खायला लागली. तिच्यामागं दुसरं पोर उठलं. मग तिसरं. उसनी सगळी मुलं एकामागून एक बाहेर गेली आणि चपलांशेजारी ओळीनं बसली. कोणी सांगितलं नव्हतं. गावात कोणी खायला दिलं की ते उंबऱ्याच्या बाहेर बसून खायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आत गावची मुलं लाडू खात होती.



झकेरिया साहेब उठून दारात गेले. बाहेर पाहिलं, मग आत पाहिलं. अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "सरपंच, ही चारुता तुमची नात ना?"

"हो... हो साहेब."

"बाहेर चपलांत का बसलीय? घ्या की तिला आत. हात धरून आणा."

आनंदा पाटील पुढं झाले. पायरीपर्यंत गेले. हात पुढं केला आणि तो तिथंच थांबला. कानशिलावरून घाम ओघळला. भामा घाबरून लाडू छातीशी धरून मागं सरकली. तिला वाटलं, पाटील लाडू परत मागतायत. पाटलांचा हात पुढंही जाईना आणि मागंही येईना. मी आयुष्यात इतका लांब क्षण रंगमंचावर पाहिला नाही.

गुरुजी भिंतीला टेकले. आता साहेब लेखणी काढणार, आता सगळं संपलं, असं वाटलं तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"साहेब, ती चारुता नाही."

शशी उभी होती. ओढणीचं टोक पुन्हा बोटाला होतं.

"चारुता इंग्रजी शाळेत जाते. हिचं नाव भामा. ती भट्टीवर राहते. ही सगळी मुलं भट्टीवर राहतात. त्यांची नावं कुठल्याच शाळेत नाहीत." प्रत्येक वाक्य लहान. प्रत्येक वाक्य पूर्ण. "गुरुजी माझे वडील आहेत. त्यांनी खोटं केलं. पण साहेब, पट कमी नाही. मुलं आहेत. ती बाहेर बसलीत."

"शशी!" गुरुजींच्या तोंडून निघालं ते ओरडणं नव्हतं, कळवळणं होतं.

"पोरी, तुला काय कळतंय?" आनंदा पाटील गरजले. हात आता मोकळा झाला होता. "एक दिवस आमी बसवतो, ते ठीक हाय. रोज? आमच्या पोरांच्या शेजारी? गाव ऐकंल काय?"

शशीचं बळ तेवढंच होतं. ती खाली बसली. मी तिच्याजवळ गेले.

साहेब परत खुर्चीवर बसले. "सरपंच, मला दोन गोष्टी लिहिता येतात. तुमच्या नातीचं नाव दोन शाळांत आहे, हे लिहिता येतं. या मुलीचं नाव एका शाळेत आहे, हेही लिहिता येतं. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

पाटलांनी टोपी काढून घाम पुसला.

"उद्या सकाळी हजेरीला मी पुन्हा येतो. आपापल्या नावानं पुरेशी मुलं बसलेली दिसली, तर शाळा राहील. नाही दिसली, तर मी जे आज पाहिलं तेच वर जाईल." मग शशीकडे वळून म्हणाले, "बेटी, तू मोठी जोखीम घेतलीस. उद्या कोणीच आलं नाही तर ती तुझ्याच नावावर."

त्यांची जीप गेली आणि खरी भीती सुरू झाली. गावकरी अंगणात उभे राहून आमच्याकडे पाहत होते, कोणी शिवी दिली नाही, कोणी पाणीही विचारलं नाही. एक म्हातारी मात्र म्हणाली, "मास्तरांनी पोरगी शिकवली ती घर जाळायला." गुरुजींनी ते ऐकलं आणि खाली मान घातली.

उन्हं उतरायच्या आत बाप-लेक भट्टीवर गेले. मीही गेले; माझ्या गुडघ्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. भट्टीवरच्या मुकादमानं आधी हाकलायलाच पाहिलं. भामाची आई चिखलाचे साचे भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "एक दिवस दिली पोरगी, रोज कशी देऊ? लहान्याला कोण बघंल? आनि गाववाल्यांनी मारलं तर?"

गुरुजी चिखलात उकिडवे बसले. इतक्या वर्षांत त्या बाईशी ते पहिल्यांदा बसून बोलत होते. "लहान्यालाही आण. मारलं तर आधी मला मारतील."

"तुमी तर तपासनी झाली की पोरगी परत करता, गुरुजी."

गुरुजी उठले. बाईनं हो म्हटलं नाही. इतर कोणी हो म्हटलं नाही. आम्ही हात हलवत परत आलो. रिक्षात गुरुजी शशीशी बोलले नाहीत. तिनं एकदा "बाबा" म्हटलं. ते खडीच्या ट्रकांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेत पोचलो तर अंगण रिकामं. टाळे सुकलेले. गुरुजींनी घंटा वाजवली, ती रिकाम्या गावात फिरून परत आली. सरपंच आपल्या ओट्यावर बसून बघत होते. गावातली एक आई पोराचा हात धरून दारापर्यंत आली आणि ओट्याकडे पाहून तिथंच थांबली. मग दुसरी आली. साहेबांची जीप वळणावर दिसली. शशी उंबऱ्यात उभी होती, ओढणी बोटाला नव्हती. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली होती.

मग नदीच्या बाजूनं धूळ उठली. भट्टीची मुलं येत होती. आज त्यांना कोणी अंघोळ घातली नव्हती. अंगावर विटांची लाल माती, आपापले फाटके कपडे, एकाच्या कडेवर लहान भाऊ. मागं भामाची आई, कमरेला पदर खोचून. ती सरळ ओट्यासमोरून चालत आली. पाटलांनी तोंड फिरवलं. पण उठले नाहीत. ते उठले नाहीत हे पाहून दारात थांबलेल्या दोघी आयांनी आपली पोरं आत सोडली. काही घरांची मुलं त्या दिवशी आली नाहीत. पुढंही आठवडाभर आली नाहीत. पण पट पुरला. जेमतेम पुरला.

भामा पायरीपाशी चपलांजवळ थांबली. शशीनं तिला बोलावलं नाही. ती फक्त उंबऱ्याच्या आत, दाराला लागून जमिनीवर बसली आणि शेजारी जागा ठेवली. बऱ्याच वेळानं भामा आली आणि तिथं टेकली, अर्धी आत, अर्धी बाहेर.

साहेब खुर्चीवर बसले. गुरुजींनी सगळी नवी नावं पटावर चढवली होती. जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती, म्हणून आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं सगळ्यांचा जन्म एक जूनचा. हजेरी सुरू झाली.

"भामा."

उत्तर नाही.

"भामा," गुरुजी पुन्हा म्हणाले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. भामा इकडं-तिकडं पाहत होती, आज आपण कोण आहोत हे कोणी सांगेल म्हणून. कालचं नाव पाठ होतं. आजचं कोणी दिलंच नव्हतं.

शेवटी तिनं गुरुजींकडे पाहून भीत भीत विचारलं, "आज मीच हाय का, गुरुजी?"

गुरुजींनी होकारार्थी मान हलवली. मग कालपासून पहिल्यांदा त्यांनी आपल्या मुलीकडे पाहिलं.

"हजर," भामा म्हणाली.

गुरुजींना वरून एक कडक शेरा आला, पगारवाढ थांबली, पण पेन्शन वाचली आणि शाळा राहिली. शशीनं ते सगळं कॉलेजात वाचलं, वडिलांच्या नावासकट. वाचताना आवाज कापला. गुलशनभाभी आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो. भाभी माझ्या कानात म्हणाल्या, "काय कापतेय बघा बिचारी, खाली बसवा तिला!" मी म्हटलं, "भाभी, वाक्य संपवतेय ना? मग राहू द्या उभी."